पहिलं बिल काढण्याआधी

"ॲपवर दोन लाख दोन हजार तीनशे दिसतंय. मग तू एक लाख चौऱ्याऐंशी हजार तीनशे का लिहितीस गं?"

माझ्या मावशीचा हा प्रश्न ३१ मार्च २०२५च्या रात्रीचा. आदल्या दिवशी पाडवा झाला होता आणि तिने ठरवलं होतं की नव्या वर्षाचा हिशेब वहीत नाही, ऑनलाइन लिहायचा. गडहिंग्लजला तिचा चटणी-मसाल्याचा गृहउद्योग आहे. बाजार समितीतून संकेश्वरी मिरची आणायची, बायकांकडून देठ खुडून घ्यायचे, वाळवायची, कांडायची, पिशव्यांत भरायची. जोडीला पापड आणि लोणचं. माल जातो कोल्हापूर, सावंतवाडी, म्हापसा आणि पलीकडे संकेश्वर-बेळगावला. मी गेली कित्येक वर्षं छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर एका चेकमध्ये होतं. २९ मार्चला तिने पिशव्यांच्या व्यापाऱ्याला १८,००० रुपयांचा चेक दिला होता आणि तो अजून वटला नव्हता. बँकेच्या लेखी ते पैसे खात्यात आहेत. मावशीच्या लेखी ते गेले. हिशेब मावशीचा आहे, बँकेचा नाही, म्हणून आकडा १,८४,३०० लिहायचा आणि तो चेक 'न वटलेला' म्हणून वेगळा दाखवायचा. तो वटला की बँकेशी आपोआप मेळ लागतो. हे त्या रात्री केलं नसतं, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेतून १८,००० गेलेले दिसले असते, कुणीतरी ते पुन्हा खर्चात टाकले असते, आणि वर्षभर हिशेब तेवढ्याने चुकत राहिला असता.

लोक विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? झोहो बुक्स ब्राउझरमध्ये चालतं, टॅलीप्राइम संगणकावर बसवावं लागतं, 'व्यापार' नावाचं ॲप मोबाइलवर सोयीचं आहे. तुमचा सीए जे रोज वापरतो ते घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. खरं काम त्यानंतरचं. वही कोणत्याही कंपनीची असली तरी पहिल्या पानावर काय लिहिता यावर सगळं अवलंबून असतं, तसंच इथेही आहे. पहिलं बिल काढण्याआधी तीन-चार संध्याकाळी नीट बसलात तर पुढचं वर्ष सुखात जातं.

खातं कुणाच्या नावावर

सॉफ्टवेअरचं खातं मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा. हे एवढं ठासून सांगते, कारण माझ्याच ओळखीतल्या एका दुकानाचं खातं तिथे बिलं करणाऱ्या मुलाच्या ईमेलवर उघडलं होतं. तो नोकरी सोडून गेला आणि ऐन रिटर्नच्या आठवड्यात ओटीपी त्याच्या फोनवर जायला लागला. मुलगा भला होता, फोन उचलायचा. पण धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असू नये.

मालक म्हणून एकच नाव ठेवा. बिलं करणाऱ्याला फक्त बिलांपुरता प्रवेश द्या, सीएला 'अकाउंटंट' म्हणून वेगळा प्रवेश द्या. एकाच पासवर्डवर चौघांनी काम केलं की कुठली नोंद कुणी बदलली हे कळायला मार्ग उरत नाही. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद न करता येणारं सॉफ्टवेअर वापरणं कायद्यानेच सक्तीचं आहे. मावशीच्या उद्योगासारख्या एकट्या मालकीच्या धंद्याला ही सक्ती नाही, पण सोय असेल तर ती चालू ठेवाच.

नाव, पत्ता, आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, हे पाच मिनिटांत भरून होतं. पुढे जीएसटी नंबर येतो. तो टाकताना घाई करू नका. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. या पहिल्या दोन आकड्यांवरूनच सॉफ्टवेअर ठरवतं की कोणत्या बिलाला कोणता कर लावायचा.

संकेश्वर जवळ, कोल्हापूर लांब

मावशीला हे समजवायला मला नकाशाच काढावा लागला. गडहिंग्लजहून संकेश्वर हाकेच्या अंतरावर, कोल्हापूर त्याहून कितीतरी लांब. पण संकेश्वर कर्नाटकात. कोल्हापूरच्या दुकानदाराला १०,००० रुपयांची मिरची पूड विकली तर ५ टक्क्यांप्रमाणे २५० रुपये सीजीएसटी (केंद्राचा कर) आणि २५० रुपये एसजीएसटी (राज्याचा कर). तीच पूड संकेश्वरला पाठवली तर ५०० रुपये आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा एकत्रित कर. रक्कम तीच, पण पैसा वेगळ्या खात्यात जातो. चुकून उलटं झालं तर बरोबरचा कर पुन्हा भरायचा आणि चुकीचा भरलेला परत मागत बसायचं.

म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानावर त्याचा जीएसटी नंबर टाका. नंबर नसेल तर निदान राज्य टाका, ते रिकामं सोडू नका.

सीमाभागातल्या बायकांच्या गृहउद्योगांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ती फार जणींना ठाऊक नसते. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे खरं. पण कर लागणारी वस्तू परराज्यात विकली तर ही सूट नाही, पहिल्या बिलापासून नोंदणी हवी. आणि कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या छोट्या धंद्यांच्या योजनेत असाल तर वस्तू परराज्यात विकताच येत नाही. सॉफ्टवेअर चालू करताना ते विचारतं, 'तुम्ही कंपोझिशनमध्ये आहात का?' तिथे होय केलंत तर बिलावर कर दिसणार नाही, कारण कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही. ती एक खूण पूर्ण वर्षाची बिलं बदलून टाकते. आपण कशात आहोत हे नोंदणीच्या प्रमाणपत्रावर बघूनच उत्तर द्या.

रिटर्न महिन्याला की तिमाहीला, हेही तिथेच विचारतात. ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तिमाही घेता येतं. तिमाही घेतलं तरी पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो.

वस्तूंची यादी

मावशीचे तीन प्रकार आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. मिरची पूड, एचएसएन (वस्तूचा जीएसटीतला ठरलेला क्रमांक) ०९०४, कर ५ टक्के. पापड, एचएसएन १९०५, कर शून्य. लोणचं, एचएसएन २००१, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यावर १२ टक्के कर होता. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर एचएसएनचे चार आकडे पुरतात.

पापडाला कर नाही म्हणून बरेच जण कराची चौकट रिकामी सोडतात. तसं करू नका, 'निल रेटेड' असं निवडा. रिटर्नमध्ये अशी विक्री वेगळ्या रकान्यात दाखवावी लागते, आणि चौकट रिकामी असेल तर ती विक्री तिथे पोचतच नाही. शिवाय पापडावर कर नसल्यामुळे भाडं, फोन अशा सामाईक खर्चावरच्या इनपुटचा (खरेदीवर भरलेला आणि आपल्या करातून वळता करता येणारा जीएसटी) पापडाच्या वाट्याचा भाग सोडावा लागतो. तो हिशेब सीएकडून करून घ्या.

भाव टाकताना एक प्रश्न येतो: हा भाव करासकट की कर सोडून? पिशवीवर छापलेला भाव करासकट असतो. १०५ रुपयांची पिशवी 'करासकट' टाकली तर १०० माल आणि ५ कर. 'कर सोडून' टाकली तर बिल ११० रुपये २५ पैसे होतं, छापील भावापेक्षा जास्त, आणि गिऱ्हाईक बरोबर भांडतं.

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले आणि लोणच्याचा कर १२ वरून ५ टक्के झाला. मावशीने मला फोन केला, म्हणाली, "तो बाराचा दर पुसून टाकते." मी म्हटलं, थांब. लोणच्याला नवा दर लाव, पण यादीतला बाराचा दर ठेव. ऑक्टोबरमध्ये सावंतवाडीहून गळक्या बरण्या परत आल्या, त्या ऑगस्टमध्ये विकलेल्या होत्या. मूळ बिलावर १२ टक्के कर होता, म्हणून क्रेडिट नोटही (झालेल्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) १२ टक्क्यांनीच काढावी लागली. जुना दर नव्या बिलांसाठी बंद करा, मिटवू नका.

मालाचा साठा सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचा का? माझं मत, पहिल्या वर्षी नाही. मिरची पोत्यात येते, देठ काढल्यावर घटते, वाळवल्यावर आणखी घटते, आणि विकली जाते दोनशे ग्रॅमच्या पिशवीत. ही घट रोज अचूक लिहिणं जमत नाही, आणि अर्धवट लिहिलेला साठा हा न लिहिलेल्या साठ्यापेक्षा जास्त फसवतो. महिनाअखेर पोती आणि पिशव्या मोजा, खरेदीच्या भावाने किंमत करा, एक नोंद घाला. पुढच्या वर्षी हात बसला की बघता येईल.

खात्यांची यादी

सॉफ्टवेअर पन्नासेक तयार खाती देतं. त्यातली बरीच तुमच्या कामाची नसतात, ती बंद करून ठेवा. आपली खाती आपल्या नावाने घाला: मिरची खरेदी, हमाली-तोलाई, देठ खुडण्याची मजुरी, कांडप, पिशव्या-लेबलं, गाडीभाडं.

नवं खातं उघडताना सॉफ्टवेअर त्याचा प्रकार विचारतं आणि इथे बहुतेक जण डोळे मिटून 'एक्स्पेन्स' निवडतात. माल तयार होण्यासाठी थेट लागणारा खर्च 'कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड' या प्रकारात जायला हवा. देठ खुडण्याची मजुरी आणि कांडप तिथे गेलं तरच ढोबळ नफा खरा दिसतो. मावशीच्या जुन्या वहीत मजुरी घरखर्चाशेजारी लिहिलेली होती. त्यामुळे किलोमागे जेवढे सुटतात असं तिला वाटत होतं, त्यापेक्षा पुष्कळ कमी सुटत होते, आणि त्याच समजुतीवर तिने दोन वर्षं भाव वाढवला नव्हता. त्या बायांच्या आणि तिच्या स्वतःच्या कष्टाचं मोल त्या एका रकान्यामुळे झाकलं गेलं होतं.

घरासाठी काढलेले पैसे खर्चात टाकू नका. त्यासाठी 'उचल' नावाचं खातं करा, प्रकार भांडवलाचा. किराणा, भाचीच्या लग्नाचा आहेर, सगळं उचलीत.

आरंभीची शिल्लक

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे एक संध्याकाळ पूर्ण द्या.

जुन्या वहीतून नव्या वहीत जाताना आपण जे येणे-देणे पुढे ओढतो ते म्हणजे आरंभीची शिल्लक. ३१ मार्चच्या रात्रीचा मावशीचा कागद असा होता (आकडे मी सोपे करून घेतले आहेत):

बँक १,८४,३००
रोख १२,४५०
गिऱ्हाइकांकडून येणे २,३६,८००
शिल्लक माल ३,१०,०००
यंत्रं, घसारा वजा करून २,७५,०००
जीएसटी इनपुट ९,२५०
एकूण १०,२७,८००

व्यापाऱ्यांचं देणं १,४२,६००
बँकेचं कर्ज ३,२०,०००
एकूण ४,६२,६००

पहिल्यातून दुसरं वजा केलं की ५,६५,२०० उरतात. ते मावशीचं भांडवल. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, जुळली.

यातला प्रत्येक आकडा बाहेरच्या कुठल्यातरी पुराव्याशी ताडून बघायचा. रोख गल्ल्यातली मोजून. कर्ज बँकेच्या ३१ मार्चच्या उताऱ्यावरून, हप्त्यांच्या छापील तक्त्यावरून नाही. इनपुट जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरवरून, आणि तेही सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी असं वेगळं करून. माल खरेदीच्या भावाने, विक्रीच्या नाही.

गिऱ्हाइकांचं येणं एका आकड्यात टाकू नका, बिलागणिक टाका. बेळगावच्या दुकानदाराकडून ४२,००० येणं आहे एवढंच लिहिलं, आणि त्याने एप्रिलमध्ये १५,००० पाठवले, तर ते कोणत्या बिलाचे? कोणतं बिल किती दिवस थकलं? बिलागणिक टाकलं असेल तर सॉफ्टवेअर हे रोज सकाळी दाखवतं, आणि उधारी मागायला जाताना हातात तारीख असते. कुणी आगाऊ पैसे दिले असतील तर तेही त्याच्या नावावर जमा दाखवा.

आकडे जुळत नसतील तर सॉफ्टवेअर थांबत नाही. फरकाची रक्कम गुपचूप एका खात्यात टाकून पुढे जातं. झोहो बुक्समध्ये त्याला 'ओपनिंग बॅलन्स ॲडजस्टमेंट्स' म्हणतात. त्या खात्यात शून्य दिसेपर्यंत पहिलं बिल काढू नका. आमच्याकडे तिथे २७,००० दिसत होते. जुन्या हिशेबनिसांची एक खूण आहे: फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल शोधा. सत्तावीस हजारांना नऊने भाग जातो. शोधलं, तर येण्याची बेरीज २,३६,८०० ऐवजी २,६३,८०० झाली होती. एका बिलाचे दोन आकडे उलटे पडले होते. दुसरी खूण अशी की फरकाची निम्मी रक्कम यादीत कुठे दिसली तर ती नावेऐवजी जमेला पडली आहे का ते बघा.

१ एप्रिल हुकला असेल तर पुढच्या तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून सुरू करा. मात्र तेव्हा येण्या-देण्यासोबत तोपर्यंतची विक्री आणि खर्चही पुढे ओढावे लागतात, एवढं काम वाढतं.

बँक आणि क्यूआर

बँकेचं स्टेटमेंट सॉफ्टवेअरमध्ये उतरवलं की ते प्रत्येक ओळीसमोर आपली नोंद शोधून देतं. इथे नवखी माणसं एका शब्दावर अडतात. स्टेटमेंटवर 'क्रेडिट' असतं, आणि आपल्या हिशेबात तीच रक्कम बँकेच्या खात्याला नावे, म्हणजे 'डेबिट'. यात चूक काही नाही. स्टेटमेंट ही बँकेची वही आहे. तिच्या वहीत आपण जमा, आपल्या वहीत ती नावे.

मावशीचा क्यूआर तिच्या बचत खात्याला जोडलेला होता, आणि त्याच खात्यात घरातला गॅस, फोन, भिशी. आम्ही धंद्याचं चालू खातं क्यूआरला जोडलं. हे केल्याशिवाय बँकेचा मेळ ही रोजची डोकेदुखी होते, कारण प्रत्येक ओळ घरची की दुकानाची हे आठवत बसावं लागतं.

मेळाच्या पानावर सॉफ्टवेअर सुचवतं, 'ही रक्कम या बिलाची दिसते'. ते रकमेवरून अंदाज बांधतं. दोन गिऱ्हाइकांचं बिल ५,२५० असेल तर ते कुणाच्याही नावावर टाकेल. नाव वाचून मगच होय म्हणा.

बिल, आणि कुलूप

बिलाचा नंबर सोळा अक्षरांच्या आत, सलग, आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा. त्यात अक्षरं, आकडे, आडवी आणि तिरपी रेघ चालते. धंद्याची दोन अक्षरं, मग २५-२६, मग ०००१, मध्ये तिरप्या रेघा, इतकं पुरे. हाताने लिहायचं बिलबुक बाजारासाठी ठेवणार असाल तर त्याची मालिका वेगळी ठेवा.

पैसे देण्याच्या मुदतीची चौकट भरा. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि तुम्ही माल स्वतः तयार करत असाल, तर लेखी करार करूनही खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उद्यम नंबर बिलावर छापा. बिलावर ठरलेली तारीख दिसली की पैसे मागायला संकोच वाटत नाही, हा मावशीचा अनुभव.

महिन्याला एकदा सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून मालकाच्या संगणकावर ठेवा. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. इतक्या काळात वर्गणी थांबू शकते, सॉफ्टवेअर बदलू शकतं.

आणि रिटर्न भरून झालं की त्या तारखेपर्यंतच्या नोंदींना कुलूप लावा. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. आम्ही पहिल्या तिमाहीचं रिटर्न जुलैत भरलं आणि ३० जूनपर्यंत कुलूप लावलं. दोन दिवसांनी मावशी मे महिन्यातलं म्हापशाचं बिल दुरुस्त करायला गेली. दहा पिशव्या कमी पोचल्या होत्या. बिल उघडेना, म्हणून तिने मला बोलावलं. मग आम्ही दोघींनी तिची पहिली क्रेडिट नोट काढली: मूळ बिलाचा नंबर, दहा पिशव्या, तोच कर, तारीख जुलैची. मे महिना होता तसा राहिला.